लॉगबुकातले दोन शब्द: ‘सप्लाय ड्रॉपिंग’

हवाई दलाच्या वाहतूक स्क्वाड्रनमध्ये नोकरी झालेल्या वैमानिकाचं जुनं लॉगबुक उघडलं की पानामागून पान साधारण सारखंच दिसतं. तारीख, विमानाचा प्रकार, शेपटावरचा क्रमांक, कॅप्टनचं नाव, कामाच्या रकान्यात ‘सप्लाय ड्रॉपिंग’ (विमानातून रसद खाली टाकणं) किंवा ‘एअर मेंटेनन्स’ (दूरच्या ठाण्यांना विमानानं रसद पोचवणं), आणि शेवटी तास-मिनिटं. दिवसाचं उड्डाण निळ्या-काळ्या शाईत, रात्रीचं लाल शाईत. महिनाअखेर बेरीज आणि फ्लाइट कमांडरची सही. माल काय होता, किती किलो होता, दरीत किती फेऱ्या मारल्या, दाराशी कोण उभं होतं, यातलं काहीच त्या पानावर नसतं.

आपल्याकडे लढाऊ विमानांबद्दल बरंच लिहिलं गेलं. डकोटा, पॅकेट, ऑटर, कॅरिबू, एएन-१२ या मालवाहू विमानांबद्दल फार थोडं. ज्यांनी ही विमानं उडवली, भरली, रिकामी केली ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. ती बोलायला लागली की पाउंड, फूट आणि नॉट सुरू होतात, ऐकणारा मान डोलावतो आणि नेमका गाभा हातून निसटतो. तो निसटू नये म्हणून हे काम प्रत्यक्षात कसं चालायचं ते जरा खोलात जाऊन लिहितोय.

डकोटापासून सुरुवात करू. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी दिल्लीहून निघालेल्या डकोटांनी १ शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या पूंछच्या छोट्याशा पट्टीवर डकोटा उतरले. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना शेजारी घेऊन लेहच्या वाळूत पहिली डकोटा उतरवली. ती पट्टी सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरनं स्थानिक लोकांच्या हातांनी तयार करून घेतली होती. डकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. त्या उंचीवरच्या कामासाठी हे विमान बनलेलंच नव्हतं.

डकोटाचं नेहमीचं ओझं ६,००० पाउंड, म्हणजे सुमारे २,७०० किलो. विमान शेपटीच्या चाकावर बसतं, त्यामुळे जमिनीवर असताना आतली फरशी चढाची असते. दार डाव्या अंगाला, मागच्या बाजूला. म्हणजे ट्रकमधून माल दारातून आत घ्यायचा आणि मग तो चढावर ढकलत पुढे न्यायचा, कारण जड माल पंखाच्या आसपास असला पाहिजे. पोती दारापाशीच रचून ठेवली तर वजनाचा मध्य मागे सरकतो. असं विमान धावपट्टीवर शेपूट उचलायला वेळ लावतं, आणि उडाल्यावर नाक आपोआप वर जाऊ पाहतं. वैमानिक हातातलं नियंत्रणाचं चाक पुढे दाबून धरतो, पण वेग कमी असताना तेही पुरत नाही. भरणाऱ्याच्या आळसाची किंमत अशी वैमानिकाला मोजावी लागते. म्हणून चांगला कॅप्टन लोड शीटवर (मालाच्या वजनाच्या आणि मांडणीच्या तक्त्यावर) सही करण्याआधी स्वतः आत चक्कर मारून यायचा.

इंजिनाचंही एक बारीक काम होतं आणि जुना ग्राउंड क्रू त्याबद्दल हमखास बोलतो. डकोटाचं ट्विन वास्प हे चौदा सिलिंडरचं गोलाकार इंजिन. रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये तेल झिरपून साचतं. तेल दाबलं जात नाही. तशातच स्टार्टर मारला तर वर येणारा पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी रॉड लगेच तुटत नाही, नुसता वाकतो, आणि काही तासांनी हवेत असताना दगा देतो. म्हणून सकाळी सुरू करण्याआधी मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचा) स्विच बंद आहे हे पाहून पंखा, म्हणजे प्रोपेलर, हातानं फिरवायचा. तीन पात्यांचा पंखा आहे, म्हणजे किमान सहा पाती मोजून, आणि फक्त फिरायच्या दिशेनंच. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही. उलटंही फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की तेल इनटेकच्या नळीत जातं, तेवढ्यापुरता पंखा मोकळा होतो, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, मग पुढे. कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी दुसरी युक्ती होती. इंजिन बंद करायच्या आधी तेलात थोडं पेट्रोल सोडायचं, म्हणजे रात्री तेल गोठून घट्ट होत नाही. सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं.

उंच ठिकाणी उतरल्यावर इंजिन चालू ठेवूनच माल उतरवायची पद्धत यातूनच आली. बंद केलेलं इंजिन त्या थंडीत, त्या विरळ हवेत परत सुरू झालं नाही तर विमान तिथेच अडकून पडणार. पंख्याच्या वाऱ्यात आणि धुळीत माल उतरवणाऱ्या माणसांना बोललेलं ऐकू यायचं नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालायचं.

आता विरळ हवेचा हिशोब. तो समजला की अर्ध्या आठवणी आपोआप उलगडतात.

लेहची धावपट्टी १०,६८२ फुटांवर आहे. या उंचीवर, हवामान प्रमाणाइतकं थंड असतानाही, हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्के. प्रमाण तापमान, म्हणजे त्या उंचीसाठी गृहीत धरलेलं तापमान, इथे उणे ६ अंश. उन्हाळ्यातल्या दुपारी पारा २५ वर गेला तर विमानाच्या दृष्टीनं लेह १४,००० फुटांच्याही वर जातं आणि घनता ६५ टक्क्यांच्या आसपास येते. वेगाचा काटा हवेचा दाब मोजतो, त्यामुळे उतरताना काट्यावर ११० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) असले तरी जमिनीच्या हिशोबानं विमान जवळपास १३७ नॉटनं धावत असतं. ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. उड्डाणाच्या वेळी तेवढाच जादा वेग गाठायचा, आणि तोही दमलेल्या इंजिनावर, कारण इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते. शिवाय लेहला एका बाजूला डोंगर असल्यानं विमानं एका दिशेनं उतरतात आणि उलट दिशेनं उडतात, वारा कुठूनही असो. दुपारी दरीतला वारा उठतो. म्हणून लेहचं काम पहाटेचं. चंदीगडला अंधारात विमानं भरायची, उजाडता निघायचं, ऊन तापायच्या आत परत फिरायचं.

इंधनाचा प्रश्न यातच गुंतलेला. लेहला नेलेला इंधनाचा प्रत्येक थेंब आधी कुणीतरी ट्रकनं किंवा विमानानंच वर नेलेला असतो. म्हणून परतीचं इंधन शक्यतो खालूनच भरून न्यायचं, आणि जेवढं ते इंधन तेवढा माल कमी. ‘आज किती टन?’ या प्रश्नाचं उत्तर रोज वेगळं असायचं. पारा, वारा आणि परतीचं इंधन या तिघांवर ते ठरायचं. एखादे निवृत्त फ्लाइट इंजिनिअर चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या सकाळचं तापमान सांगतात तेव्हा ती स्मरणशक्तीची कमाल नसते. त्या दिवशीचं ओझं त्याच आकड्यावर ठरलेलं असतं.

जिथे उतरता येत नाही तिथे टाकायचं. हवाई दलाच्या वाहतूक शाखेचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी सांगितला गेलेला भाग हाच. ईशान्येला, त्या वेळच्या नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात), आसाम रायफल्सच्या आणि लष्कराच्या चौक्या आठ-दहा दिवसांच्या पायवाटेवर. जोरहाट आणि मोहनबारीहून डकोटा, पुढे पॅकेट, त्यांचं धान्य, मीठ, रॉकेल आणि दारूगोळा टाकत. बिजू पटनाईकांच्या कलिंग एअरलाइन्सच्या नागरी डकोटाही या कामात होत्या. ज्या दऱ्यांत जेमतेम पट्टी निघाली, तिथे एका इंजिनाचं ऑटर उतरायचं.

टाकायचे दोन प्रकार. एक ‘फ्री ड्रॉप’, म्हणजे पॅराशूट न लावता. तांदूळ, पीठ, डाळ, साखर असं जे आपटलं तरी खाता येतं ते. दुसरा पॅराशूटनं, म्हणजे रॉकेलचे डबे, औषधं, दारूगोळा, वायरलेस, बॅटऱ्या. मटणासाठी जिवंत बकऱ्याही टोपल्यांत बांधून पॅराशूटनं सोडल्या जात.

फ्री ड्रॉपचं पोतं भरणं हे कसबाचं काम. आतलं पोतं तोंडापर्यंत ठासून भरायचं नाही. अर्धं, फार तर दोनतृतीयांश भरून तोंड शिवायचं. ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं, गरज पडली तर तिसऱ्यात. गच्च भरलेलं पोतं जमिनीवर आदळलं की आतल्या दाण्यांना सरकायला जागा नसते, सगळा धक्का शिवणीवर येतो आणि ते फुटतं. सैल पोतं आदळून पसरट होतं. आतलं फाटलं तरी बाहेरचं धान्य धरून ठेवतं. शिवणीची सुतळी दुहेरी हवी, आणि पोती ओली नकोत. पावसाळ्यात भिजलेलं गोणपाट हाताला मजबूत लागतं पण कुजत आलेलं असतं. चौकीवरच्या माणसांना मातीतून दाणे वेचत बसावं लागलं तर चूक बहुतेक वेळा खाली मैदानात, पोतं भरणाऱ्याकडून झालेली असायची.

विमान साधारण १०५ नॉटनं, म्हणजे सेकंदाला ५४ मीटर या वेगानं ड्रॉपिंग झोनवरून (माल टाकायच्या ठरलेल्या जागेवरून) जातंय असं धरा. उंची २०० फूट, म्हणजे ६० मीटर. दारातून सुटलेलं पोतं साडेतीन सेकंदांत जमिनीवर येतं आणि तेवढ्यात सुमारे १९० मीटर पुढे जातं. हवेच्या रोधामुळे थोडं कमी. म्हणजे ज्या झाडापाशी पोतं पडायला हवं त्याच्या जवळपास दोन फुटबॉलच्या मैदानांइतकं आधी ते सोडलं पाहिजे. आदळतेवेळी त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला ३४ मीटर आणि पुढे जाण्याचा ५४ च्या आसपास, म्हणजे ते तिरकं येतं, घसरतं. थोडं घसरणं चांगलं, धक्का विभागला जातो. पण वैमानिक फार खाली आला तर पोतं दगडासारखं उसळत झोनच्या पार जातं आणि वाटेत कुणी उभं असलं तर जीव घेतं. फार वर राहिला तर सरळ वरून आदळून फुटतं. झोनवर माल टाकणं पूर्ण होईपर्यंत कुणी धावत मध्ये यायचं नाही, हा नियम त्यासाठीच होता, आणि भुकेल्या चौकीवर तो पाळणं सोपं नव्हतं.

आता फेऱ्यांचा हिशोब. झोनची कामाची लांबी ३०० मीटर असेल तर विमान ती साडेपाच सेकंदांत ओलांडतं. पुढचं-मागचं अंतर सोडून प्रत्यक्ष ढकलायला मिळतात तीन-चार सेकंद. तेवढ्यात दारातून सहा-सात पोती जातात. २,७०० किलो माल ४० किलोच्या पोत्यांत म्हणजे ६७ पोती, म्हणजे दहा फेऱ्या. एक फेरी चार-पाच मिनिटांची धरली तर पाऊण तास तेच विमान त्याच दरीत घिरट्या घालतंय. लॉगबुकात एवढंच येतं: सप्लाय ड्रॉपिंग, अमुक तास.

दाराशी उभी असणारी माणसं बहुधा हवाई दलाची नसत, लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरच्या एअर डिस्पॅचची असत. त्यांची नावं वैमानिकाच्या लॉगबुकात येत नाहीत. दार काढून ठेवलेलं असायचं. पोत्यांची चळत दारात रचायची, एक-दोघांनी पाठीवर झोपून पाय चळतीला लावायचे, कमरेचा पट्टा विमानाच्या कड्याला अडकवलेला. लाल दिवा म्हणजे तयार. हिरवा दिवा आणि घंटा म्हणजे पायांनी रेटा द्यायचा. घंटा थांबली की थांबायचं, मग एखादं पोतं अर्धं बाहेर लोंबत असलं तरी ते आत ओढायचं. घंटेनंतर ढकललेलं पोतं झोनच्या बाहेर, बहुतेक वेळा नदीत. त्या वेळी वैमानिक नाक किंचित खाली धरायचा, कारण डकोटाचं दार शेपटीच्या आडव्या पंखाच्या थोडं पुढेच आहे. शेपूट थोडी वर असली तर माल तिच्याखालून सुटतो. दाराबाहेर पडलेलं पोतं किंवा अर्धवट उघडलेलं पॅराशूट शेपटीत अडकलं तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची फळी) जाम, आणि दरीत दोनशे फुटांवर त्याला उपाय नाही.

पॅराशूटच्या मालात सगळा भरवसा स्टॅटिक लाइनवर. आतल्या तारेला हूक अडकवलेला, माल बाहेर पडला की दोरी ताणली जाते आणि पिशवीतून कापड ओढून काढते. हूक अडकवायचा राहिला तर रॉकेलचा डबा बंद पॅराशूटसकट दगडासारखा जातो. म्हणून एकानं हूक लावायचे आणि दुसऱ्यानं ते हातानं ओढून पाहायचे. कापड सुती असायचं. ते दमट कोठारात घडी करून ठेवलं तर बुरशी धरतं आणि उघडताना फाटतं, म्हणून परत आलेलं पॅराशूट आधी टांगून वाळवायचं. पॅराशूटचा माल सेकंदाला सात-एक मीटर वेगानं उतरतो. २०० मीटरवरून सोडला तर सुमारे २८ सेकंद हवेत. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर १४० मीटर वाहत जाणार. अरुंद कड्यावरच्या चौकीसाठी १४० मीटर म्हणजे पलीकडच्या दरीचा तळ. खालून धूर करून वारा दाखवला जायचा तो याच्यासाठी, आणि कापडी पट्ट्यांची खूण आधी जुळवून पाहिली जायची.

या सगळ्यात जीव घेणारी गोष्ट मात्र वळण. १२० नॉटच्या खऱ्या वेगानं, ३० अंश कलून विमान वळवलं तर वर्तुळाचा व्यास १,३०० मीटरच्या वर होतो. १२,००० फुटांवर काट्यावर तेच १२० नॉट ठेवले तर खरा वेग १४४ होतो आणि व्यास १,९०० मीटरच्या पुढे जातो. काट्यावरचा आकडा बदललेला नाही, विमान कललंय तेवढंच, आणि तरी दरी सहाशे मीटरनी अपुरी पडते. म्हणून दरीत शिरताना मधोमध शिरायचं नाही. एका कडेला चिकटून शिरायचं, म्हणजे मागे फिरायची वेळ आली तर पूर्ण रुंदी हाताशी राहते. बाहेर पडायची वाट आत जाण्याआधी ठरवायची. ढग खाली उतरून दरीचं झाकण बंद व्हायला लागलं तर माल परत न्यायचा. परत आणलेल्या मालाची नोंद लॉगबुकात ‘ड्युटी नॉट कॅरीड आउट’ अशी होते. जुन्या माणसांना ही नोंद विचारावी. कुठल्या फेरीला, काय पाहून मागे फिरलात, याचं उत्तर जिवंत राहिलेल्या माणसाकडेच असतं.

पॅकेट, म्हणजे सी-११९, १९५४ पासून आलं आणि भरणाऱ्यांचे हाल कमी झाले. दोन शेपट्यांच्या मध्ये मागून उघडणारं पोट, सपाट फरशी, तीही ट्रकच्या हौद्याच्या उंचीला. ट्रक उलटा लावला की माल सरळ आत. पण मागचे शिंपल्यासारखे दरवाजे हवेत उघडत नाहीत, म्हणून ड्रॉपला जाताना ते काढून जमिनीवरच ठेवायचे. डोंगरातल्या हवेत मागचं सगळं तोंड उघडं ठेवून दोन-दोन तास. त्याची राइट कंपनीची अठरा सिलिंडरची इंजिनं ताकदवान पण तापट, आणि उंचीवर एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर भार पेलणं कठीण. म्हणून आपल्याकडच्या पॅकेटच्या पाठीवर छोटं जेट इंजिन बसवलं गेलं. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट लडाखच्या उत्तर टोकावरच्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची १६,६१४ फूट. तिथे घनता साठ टक्क्यांच्या आसपास. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या मध्यात ती पट्टी बंद पडली ती ३१ मे २००८ ला एएन-३२ तिथे पुन्हा उतरेपर्यंत. २० ऑगस्ट २०१३ ला सी-१३०जे उतरलं.

एएन-१२ ची चार टर्बोप्रॉप इंजिनं १९६१ मध्ये आली आणि ओझ्याचा आकडा एकदम बदलला. ऑक्टोबर १९६२ मध्ये २० लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटच्या दोन ट्रूपचे (छोट्या तुकड्यांचे) एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमधल्या चुशूलला विमानानं पोचले ते याच्यातून. रणगाडा विमानात चढवणं म्हणजे नुसतं वजन उचलणं नव्हे. एएन-१२ ला स्वतःचा रॅम्प नाही, वेगळ्या फळ्या लावून गाडी वर घ्यावी लागते, आणि रणगाड्याचं सगळं वजन दोन पट्ट्यांवर असतं. एकूण वजन विमानाला झेपत असलं तरी तेवढ्या जागेवरचा दाब फरशीला झेपेल असं नाही. खाली लाकडी फळ्या अंथरायच्या, दाब पसरवायचा, इंधन आणि दारूगोळा काढून वजन उतरवायचं. मालाच्या भागात दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून तिथे बसलेल्या जवानांना बाहेरची थंडी आणि विरळ हवा तशीच भोगावी लागे.

बांधणीबद्दल एक हिशोब देतो, कारण जुने लोडमास्टर (विमानातला माल भरण्या-बांधण्याचं काम पाहणारे) यावर तासभर बोलतात आणि ते बरोबर करतात. लष्करी मालवाहतुकीत सर्वमान्य ठोकताळा असा की माल पुढच्या दिशेला स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओढ, मागे आणि बाजूंना दीडपट, वर दुप्पट ओढ सहन करेल असा बांधायचा. ५०० किलोचा जनरेटर असेल तर पुढच्या दिशेला १,५०० किलोची पकड हवी. पण साखळी तिरकी असते. फरशीशी ४५ अंशांत असेल तर तिच्या ताकदीतली ७१ टक्केच आडवी कामी येते, आणि वरून पाहताना ती बाजूलाही ४५ अंश वळलेली असेल तर निम्मीच. म्हणजे कागदावर ५०० किलोच्या तीन साखळ्या पुरतात, प्रत्यक्षात सहा लागतात. नवशिक्या ही चूक हमखास करतो. दुसरी चूक म्हणजे एका कड्याला साखळी आणि दुसऱ्याला दोरखंड लावणं. दोर ताणला जातो, साखळी ताणली जात नाही, मग सगळा धक्का साखळीवर येतो. एका दिशेला सगळं एकाच जातीचं बांधायचं.

एएन-३२ आपल्याच गरजेतून घडलं. एएन-२६ चा सांगाडा तोच, पण त्याच्या २,८०० अश्वशक्तीच्या जागी पाच हजारांवर अश्वशक्तीची इंजिनं. एवढ्या ताकदीला पंखा मोठा लागतो, म्हणून इंजिनं विमानाच्या पंखाच्या वर चढवली. त्यामुळे खडीच्या पट्टीवरचे दगडही पात्यांपासून लांब राहिले. १९८४ पासून आजवर लडाखमधल्या लेह, थॉइसचा आणि अरुणाचलातल्या मेचुका, तुतिंगचा भार त्याच्यावर आहे. १९८५ ला आलेलं आयएल-७६ ‘गजराज’ दुसऱ्या टोकाचं. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर यांच्या ४४ स्क्वाड्रननं आग्र्याहून पॅरा ब्रिगेडचे जवान थेट मालदीवच्या हुलहुले विमानतळावर उतरवले.

परत न आलेल्यांची नावं या आठवणींत येतातच. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२, बीएल-५३४, खराब हवेमुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या भागात नाहीसं झालं. आत १०२ माणसं. २००३ मध्ये ढाका हिमनदीवर गिर्यारोहकांना अवशेष दिसले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार जवानांचे देह बाहेर काढले गेले, छप्पन्न वर्षांनी. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२, के-२७४३, बंगालच्या उपसागरात गेलं, २९ जण होते. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ३,४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष टिपले गेले. ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेल्या एएन-३२ चा शोध लागायला आठ दिवस लागले. डोंगरात रेडिओच्या लहरी कड्याआड अडतात, पाण्याखालून त्या बाहेर येतच नाहीत, आणि घनदाट जंगल वरून पाहणाऱ्याला काहीच दाखवत नाही.

कुणी अशा माणसाच्या आठवणी टिपायला बसणार असेल तर काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. जुने आकडे पाउंडात असतात, नंतरचे किलोत, कारण रशियन विमानं आली. त्यामुळे ‘सहा हजार’ म्हटलं की कुठल्या विमानाबद्दल बोलताहेत ते आधी विचारावं. एएन-१२ आणि एएन-३२ यांची नावं बोलण्यात सर्रास एकमेकांत मिसळतात. १९७१ मधली आठवण असेल तर ते एएन-१२ च, एएन-३२ तेव्हा नव्हतं. ११ डिसेंबर १९७१ ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरली तेव्हा एएन-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डकोटा एकाच मोहिमेत होती, म्हणून तिथे प्रकार आणि शेपटावरचा क्रमांक दोन्ही लिहून घ्यावेत. वैमानिकाकडे लॉगबुक असतं. एअर डिस्पॅचच्या जवानाकडे बहुधा काहीच नसतं, त्याच्याकडून ड्रॉपिंग झोनची नावं, पोत्यांचे प्रकार आणि बरोबरच्या माणसांची नावं आधी घ्यावीत. फोटोच्या मागे पेन्सिलनं लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करावी. लॉगबुक स्कॅन करताना रंगीत करावं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल शाई काळी होते आणि रात्रीचे तास दिवसाच्या तासांत मिसळून जातात.